साडेसातची पंगत

ॲसिडिटीला आपल्याकडे आजाराचा मान नाही. ताप आला की रजा टाकता येते, कंबर धरली की चार माणसं विचारपूस करतात. छातीत जळजळतंय, घशाशी आंबट येतंय, असं म्हटलं की समोरचा एक गोळी काढून देतो आणि विषय तिथेच मिटतो. संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात कुणी नुसतं विचारावं, "जेलुसिल आहे का गं कुणाकडे?" की आजूबाजूच्या पर्सच्या चेन भराभर उघडतात. कुणाकडे गोळ्यांची पट्टी, कुणाकडे इनोची पुडी, कुणाकडे आवळा सुपारीची डबी. नाव-गाव ठाऊक नसलेल्या बाईला दुसरी बाई आपल्या बाटलीतलं पाणी देते. ही माया मला फार मोलाची वाटते. पण इतक्या बायकांच्या पर्समध्ये एकाच दुखण्याचं औषध का असावं, हा प्रश्न डोंबिवली ते सीएसएमटी आणि परत असा प्रवास करताना मला वर्षानुवर्षं सतावत आला आहे. माझी स्वतःची जळजळ सुरू झाली तेव्हा तर तो टाळता येईना.

जठरातलं आम्ल मुळात आपलं वैरी नाही. ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे लंडनच्या विल्यम प्राउट या डॉक्टरने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिलं. अन्नाबरोबर आलेले जंतू मारायला, डाळीतली आणि माशातली प्रथिनं फोडायला ते लागतंच. जठराच्या आतल्या बाजूला चिकट स्रावाचा थर असतो, त्यामुळे जठर त्या आम्लाने पोळत नाही. अन्ननलिकेला असं अस्तर नाही. दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचं एक वळं आहे. सासूबाईंच्या बटव्याची नाडी जशी ओढली की तोंड आवळतं आणि बोटं घातली की सैल होतं, तसं ते वागतं: घास उतरताना सैल, घास उतरला की घट्ट. पोट तुडुंब भरलं की हे वळं मधूनमधून अवेळी सैल पडतं. त्यात आपण आडवे झालो, तर आम्लाला वर यायला चढच उरत नाही. बहुतेकांच्या पोटात आम्ल काही जास्त तयार होत नसतं. ते जिथे असायला नको तिथे जाऊन पोचलेलं असतं. हे समजल्यावर माझं सगळं लक्ष मिरचीवरून घड्याळाकडे वळलं.

वळवलं ते खरं तर आमच्या डॉक्टरांनी. तिखट किती खाता, चहा किती होतो, हे त्यांनी नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "रात्री जेवता किती वाजता?"

"दहा, सव्वादहा."

"आणि अंथरुणाला पाठ कधी लागते?"

"अकराला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मधे तीन तास हवेत. गोळी मी देतो, पण ती काही आठवड्यांपुरती. तासांचं तुमचं तुम्हाला बघावं लागेल."

तीन तास. कागदावर किती सोपं वाटतं. पण माझं ऑफिस साडेपाचला सुटत होतं आणि सव्वासातला मी घरात असायचे, तरी जेवायला दहा का वाजत होते? कारण मुलाचा क्लास सुटून तो साडेनऊला यायचा, नवऱ्याची गाडीही त्याच सुमाराला, आणि सगळे आल्याशिवाय पानं घ्यायची नाहीत अशी घराची रीत. ते येईपर्यंत मी चहा घ्यायची, चिवड्याची मूठ तोंडात टाकायची, पोळ्या लाटायची. मग गरम पोळी ज्याच्या त्याच्या पानात, आणि शेवटी मी. जेवण झालं की झाकपाक, ओटा, खाली वाकून फरशी, आणि लगेच अंथरूण. भरल्या पोटी वाकणं आणि भरल्या पोटी झोपणं, या दोन्ही गोष्टी त्या बिचाऱ्या स्नायूच्या विरुद्ध जाणाऱ्या. पोट माझं एकटीचं होतं. जेवणाची वेळ मात्र घराची होती.

आहारविहाराचे सल्ले आपल्याकडे नेहमी एकट्या माणसाला दिले जातात. लवकर जेवा, हलकं खा, शांतपणे चावून खा. ज्या बाईला हा सल्ला मिळतो तिच्या हातात ताट कधी वाढायचं हे असतं का, असं कुणी विचारत नाही. सासूबाईंकडे पाहिलं की मला हे फार जाणवतं. त्या चिपळूणजवळच्या खेड्यातल्या, मोठ्या खटल्यात लग्न होऊन आलेल्या. त्यांच्या बटव्यात कायम आवळकाठी, ओवा आणि खडीसाखर. "माझी पित्ताची प्रकृती," असं त्या उभ्या आयुष्यात म्हणत आल्या. एकदा दुपारी पालेभाजी निवडताना त्यांना मी त्या काळचा दिवस कसा असायचा ते विचारलं. आधी मुलं, मग पुरुष, मग आलागेला, मग सगळ्यात शेवटी बायका. रात्री जेवायला अकरा वाजायचे आणि पहाटे पाचला चूल पेटलेली हवी. मधला उपास वेगळा. "पहिल्या पंगतीला मी कधी बसले असेन, तर माझ्या बारशाला," असं त्या म्हणाल्या, आणि पुढची जुडी निवडायला घेतली. मला त्या क्षणी फार राग आला, कुणावर ते सांगता येणार नाही. पन्नास वर्षं एक बाई जिला आपली प्रकृती समजत राहिली, ती बरीचशी तिच्या वाट्याला आलेली वेळ होती.

आपल्या जुन्या वैद्यांना हा त्रास चांगला ठाऊक होता. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या माधवनिदानात अम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरण आहे, वर जाणारं आणि खाली जाणारं असे त्याचे दोन भेदही सांगितले आहेत. जेवल्यावर शतपावली घालायची आणि मग डाव्या कुशीवर वामकुक्षी, ही तर घराघरातली शिकवण. आजच्या तपासण्यांनीही डाव्या कुशीच्या बाजूने कौल दिला आहे. डावीकडे वळून झोपलं की जठराची पिशवी खाली राहते आणि अन्ननलिकेचं तोंड वर. उजवीकडे वळलं की नेमकं उलटं होतं, आणि वर आलेलं आम्ल मागे जायलाही जास्त वेळ घेतं. झोपेत आपण गिळतो फार कमी वेळा, लाळही जवळजवळ थांबते. जागेपणी जे आम्ल लाळेबरोबर धुऊन जातं ते रात्री तिथेच रेंगाळतं, म्हणून रात्रीची जळजळ दिवसाच्या जळजळीपेक्षा अधिक इजा करते.

घराची वेळ बदलायची कशी, यावर आमच्याकडे बरीच बोलणी झाली. नवऱ्याचं म्हणणं, दिवसातून एकदा चौघं एकत्र बसतो, तेही गेलं तर उरलं काय? त्याचं चूक नव्हतं. मुलाला तर आई आधी जेवली ही कल्पनाच विचित्र वाटली. तोड काढली ती सासूबाईंनी. म्हणाल्या, "अगं, श्रावणी सोमवारी आपण सातलाच जेवतो की! तेव्हा कुणाची अडचण होत नाही ती?"

खरंच होतं. श्रावणी सोमवारी शाळा अर्ध्या दिवसाच्या असायच्या, पोरं दुपारपासून घरात, आणि दिवेलागणीला उपास सोडायचा म्हणून वरणभात, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं असं सगळं वेळेवर तयार. घराला सातला जेवायची सवय होती. ती फक्त देवाच्या नावाने होती, घरातल्या बाईच्या नावाने नव्हती. आमच्या मजल्यावरचं जैन कुटुंब बाराही महिने सूर्यास्ताच्या आत जेवतं, नोकरी-धंदा सांभाळून जेवतं, हेही मी रोज पाहत होते.

तेव्हापासून साडेसातला आई, म्हणजे सासूबाई, आणि मी पहिल्या पंगतीला बसतो. भाजी सकाळीच दोन्ही वेळची होते, चिरून देणं नवऱ्याकडे. मी गाडीत बसले की फोन करते, आई कुकर लावतात. रात्री मऊ मुगाची खिचडी, नाहीतर ज्वारीची भाकरी आणि दुधी, पडवळ असं काही. आधी दुपारचा डबा मी अर्धवट टाकून मीटिंगला पळायची आणि रात्री भुकेचा सगळा हिशेब चुकता करायची. आता दुपारचं जेवण नीट, पाचला ऑफिसात लाह्या किंवा केळं, आणि रात्री बेताचं. बाप-लेक आले की आपापलं वाढून घेतात. आपलं ताट आणि ओटा ते आवरतात, फरशी सकाळवर ढकलली. ते जेवताना मी कोमट पाणी घेऊन त्यांच्याजवळ बसते. सुरुवातीला दहाच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायचे आणि समोरच्या गरम पोळीचा वास सोसवत नसे. ते हळूहळू निवलं. एकत्र जेवणाची जागा मात्र कशानेच भरून निघालेली नाही, हे मान्य केलं पाहिजे. रविवारी दुपारी चौघांची पानं एकदम मांडतो आणि त्या दिवशी कुणी फोन हातात घ्यायचा नाही असं ठरवलंय, एवढंच.

दुसरा मोठा बदल पलंगाचा. छातीत जळतं म्हणून लोक उशीवर उशी रचतात. त्याने मान वर जाते, कंबरेत घडी पडते, आणि पोट आणखी दाबलं जातं. उंच करायची ती डोक्याकडची अख्खी बाजू, सहा ते आठ इंच. आमच्या सुताराने सागाच्या उरलेल्या तुकड्यांचे दोन ठोकळे करून दिले, मधोमध पलंगाच्या पायाच्या मापाचा खळगा कोरून. तो खळगा महत्त्वाचा, नाहीतर कुशीवर वळताना पाय सरकतो. विटा ठेवल्या तरी चालतं म्हणतात, पण विटांची माती झडते आणि पलंग हलतो. ठोकळे बसवल्यावर मुलाने फूटपट्टी लावून दोन्हीकडची उंची तपासली. आधी पायथ्याकडे घसरल्यासारखं व्हायचं, सकाळी चादर पायाशी गोळा झालेली असायची. गुळगुळीत चादरी काढून जाड सुती सोलापुरी चादर घातली, तेव्हा ते थांबलं. पलंग दोघांचा असल्यामुळे उतार नवऱ्याच्याही वाट्याला आला. तक्रार न करता त्याने तो घेतला. त्याचं घोरणं कमी झालं की काय यावर आमचं अजून एकमत नाही, पण घशाशी आंबट येऊन रात्री दचकून उठणं माझं थांबलं.

आता खाण्याचं. काय वर्ज्य याच्या लांबलचक याद्या मला पटत नाहीत. टोमॅटो, कांदा, लसूण, लिंबू, दही, चणाडाळ, सगळंच काढून टाकलं तर मराठी स्वयंपाकघरात उरणार काय? प्रत्येकाचं पोट वेगळं असतं. वहीत लिहून ठेवावं, काय खाल्लं, किती वाजता, पुढे काय झालं, म्हणजे आपले खरे अपराधी दिसू लागतात. माझ्या वहीत मिसळ नाही सापडली. सापडली ती उपासाची साबुदाणा खिचडी, तूप आणि दाण्याचं कूट मुबलक घातलेली, दिवसभर रिकाम्या पोटावर चहा झाल्यानंतरची. तेलातुपाचं अन्न जठरातून पुढे सरकायला वेळ घेतं, पोट फार वेळ भरलेलं राहतं, हे त्यामागचं कारण. जेवणानंतर पाचक म्हणून आपण पेपरमिंटची गोळी चघळतो, पण पुदिन्याने ते स्नायूंचं वळं उलट सैलावू शकतं. चॉकलेट, दारू, तंबाखू यांचंही तेच. थंड दूध घेतलं की लगेच बरं वाटतं, म्हणून रात्री झोपताना पेलाभर दूध घेणारे खूप आहेत. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळाने आम्ल वाढवतात, आणि भरलं पोट ते भरलंच. सोलकढी मला सोसते, आईंना सोसत नाही. एका घरात, एका कोकमाची.

अन्नाइतकीच महत्त्वाची आहे ती जेवतानाची मनःस्थिती. याचा सगळ्यात थेट पुरावा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण हमालाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या जठराला बाहेरून दिसेल असं भोक कायमचं राहिलं. त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने रेशमी दोऱ्याला मांसाचे आणि भाजीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले, आणि १८३३ साली सगळी निरीक्षणं पुस्तकात मांडली. त्या गरीब माणसाच्या देहावर इतकी वर्षं असे प्रयोग व्हावेत याचं वाईट वाटतं. पण त्याच नोंदींत हेही आहे की सेंट मार्टिन चिडला, संतापला की त्याचं पचन बिघडायचं. जेवताना शिव्याशाप नकोत, असं आमची आजी म्हणायची. तिच्या पंगतीत वाद काढला की ती ताटावरून उठून जायची.

वजनाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पोटाभोवती साठलेली चरबी जठराला खालून सतत रेटत असते, आणि रोजच्या सवयींपैकी ज्यांचा फायदा नीट सिद्ध झालाय त्यांत वजन उतरवणं अगदी वर आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या, वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासातून २०२१ साली निष्कर्ष आला: वजन प्रमाणात, सिगारेट नाही, रोज अर्धा तास बऱ्यापैकी व्यायाम, चहा-कॉफी-सोडा दिवसाला दोन कपांच्या आत, आणि चांगला आहार, या पाच गोष्टी एकत्र पाळल्या तर जळजळीचा सुमारे ३७ टक्के त्रास टळू शकला असता. ३७ टक्के म्हणजे सगळा नाही. पण औषधाशिवाय इतकं मिळत असेल तर ते घ्यावं. आणि परकराची नाडी सैल बांधावी. आपल्या बायकांच्या कंबरेवर त्या नाडीचा काळा वळ उमटलेला असतो. तोच दाब आत पोटालाही बसत असतो. मी ऑफिसला इलास्टिकचा परकर घालू लागले, आईंना नाडीऐवजी रुंद पट्टी शिवून दिली.

गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही. आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी लाखो लोकांचा त्रास कमी केला आहे. सिमेटिडिन शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं, ते उगाच नाही. ज्यांच्या अन्ननलिकेला जखमा झाल्या आहेत, ज्यांना रोज वेदनाशामक किंवा ॲस्पिरिन घ्यावं लागतं, त्यांना ती दीर्घकाळही लागू शकतात. पण सकाळी उठल्यावर पॅन-फॉर्टी घेणं हा दात घासण्याइतका नित्यनेम होऊन बसला आहे, कुणी लिहून दिली आणि कधीपर्यंत घ्यायची याचा पत्ता नसतो. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहीही त्रास नसलेल्या १२० माणसांपैकी निम्म्यांना अशी गोळी आठ आठवडे दिली आणि मग बंद केली. बंद केल्यावर त्यातल्या बऱ्याच निरोगी माणसांना जळजळ सुरू झाली, कारण दाबून ठेवलेलं आम्ल काही काळ उसळून येतं. लोकांना वाटतं, आजार परत आला, आणि पुन्हा गोळी सुरू होते. म्हणून थांबवायची तीही डॉक्टरांना विचारून, बेताबेताने.

आणि काही लक्षणं अशी आहेत की तिथे घरचे बदल, आवळकाठी, गोळी, कशाचीही वाट पाहायची नाही. घास अडकू लागला, कारण नसताना वजन उतरलं, उलटीत रक्त दिसलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर थेट डॉक्टर आणि गरज असेल तर दुर्बिणीची तपासणी. छातीतलं दुखणं हाताकडे, जबड्याकडे जात असेल, घाम फुटला, दम लागला, तर "गॅस झालाय, सोडा द्या" म्हणून कुणी बसवून ठेवू नये. त्यात गेलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो, रात्रपाळीत. जेवण रात्री साडेबाराला, पहाटे पाचला खोलीवर आल्यावर पुन्हा काहीतरी मागवून खाणं, आणि सहाला झोप. सव्विसाव्या वर्षी त्याच्या बॅगेत तीच गोळ्यांची पट्टी दिसली तेव्हा माझ्या पोटात कालवलं. तो म्हणाला, "मावशी, तुमचं साडेसात मला कसं जमणार?" मी त्याला सांगितलं की भिंतीवरचं घड्याळ विसर, तुझ्या झोपेपासून मागे मोज. सहाला झोपतोस तर शेवटचं जेवण तीनच्या आत, तेही अर्धपोटी, आणि मोठं जेवण पाळीला निघण्याआधी संध्याकाळी. अडचण होती मेसची, तिथला रात्रीचा डबा नवाला निघतो. आम्ही दोघं जाऊन मेसवाल्या काकूंना भेटलो. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग विचारलं की त्याच पाळीतली आणखी किती मुलं आहेत. अकरा निघाली. दहापेक्षा जास्त असतील तर सहाला डबा देते, म्हणाल्या, सोमवारपासून.